गाडी दान करण्याआधी आरसीवरचे नाव बदला

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गणपती, शिमगा आणि मे महिन्याची सुट्टी, या तिन्ही वेळी मुंबई-ठाण्याचे चाकरमानी गावी येतात. त्यांतल्या काहींच्या मनात एक चांगला विचार असतो. नवी गाडी घेतली आहे, जुनी विकून फारसे येणार नाही, तर ती गावच्या देवस्थानाला, शाळेला, वाचनालयाला किंवा वाडीच्या मंडळाला देऊन टाकावी. रात्री-अपरात्री एखाद्याला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला उपयोगी पडेल. नारळ फुटतो, बॉनेटवर हार चढतो, किल्ली अध्यक्षांच्या हातात जाते आणि देणारा रेल्वेने परततो. कागदांचे पुढच्या खेपेला बघू, असे दोन्ही बाजू म्हणतात.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वाहनांच्या नावबदलाची, विम्याची आणि विश्वस्त संस्थांच्या हिशेबाची कामे करणारे आम्ही काहीजण हे पत्र लिहीत आहोत. देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या हेतूबद्दल आम्हांला आदरच आहे. पण मोटार दिल्यानंतरही ती देणाऱ्याचे नाव घेऊन फिरत राहते, आणि हे लक्षात येते तेव्हा बहुधा पोलीस ठाण्याची किंवा मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस दारात आलेली असते.

दानाचा कायदा आणि मोटारीचा कायदा इथे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १२३ प्रमाणे जंगम वस्तूचे दान ताबा दिल्याने पूर्ण होऊ शकते. दानपत्र नोंदवलेच पाहिजे असे नाही. म्हणून देणाऱ्याला वाटते, आपले काम झाले. मोटार वाहन कायदा, १९८८ मात्र कलम २(३०) मध्ये मालक म्हणजे ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे तो, असे धरतो. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये हे अगदी स्पष्ट केले. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली तरी नोंदणीत ज्याचे नाव शिल्लक आहे तोच अपघाताच्या भरपाईला मालक म्हणून जबाबदार. मृत्यू किंवा इजा झाल्यास त्या भरपाईला वरची मर्यादा नसते. विमा संपलेला असेल, तर ती रक्कम दान देणाऱ्याच्या घरादारावर येऊ शकते.

अपघाताखेरीजही धोके आहेत. ई-चलान आरसीवरच्या, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरच्या, नावाने निघते. फास्टॅग देणाऱ्याच्या बँक खात्याला जोडलेला राहिला, तर टोल त्याच्या खात्यातून जात राहतो. आणि आपल्या भागात एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. संस्थेकडून गाडी पुढे कोणाला तरी 'वापरायला' दिली गेली आणि ती बांदा-इन्सुली भागात गोवा बनावटीची दारू नेताना पकडली गेली, तर गाडी जप्त होते आणि चौकशीची पहिली नोटीस आरसीवरच्या माणसाला जाते. ती गाडी मी देवळाला दिली होती, हे तेव्हा कागदाने सिद्ध करावे लागते. हार घातल्याचा फोटो त्याला पुरत नाही.

आता कामाचा क्रम. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे गाडी राज्यातलीच असेल तर देणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या नावासाठी अर्ज करायचा असतो. देणाऱ्याचा फॉर्म २९, दोन प्रतींत. घेणाऱ्याचा फॉर्म ३०. सोबत मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, दोघांचे पॅन, पत्त्याचे पुरावे आणि चासी नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा. घेणारी संस्था असल्याने आणखी तीन कागद लागतात: संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, गाडी स्वीकारण्याचा आणि अमुक विश्वस्ताला सहीचा अधिकार दिल्याचा ठराव, आणि त्या विश्वस्ताचे ओळखपत्र. इथेच गाडे अडते. गावच्या कितीतरी देवस्थानांच्या शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर, जुन्याच विश्वस्तांची नावे असतात, त्यांतले काही निवर्तलेलेही असतात. नव्या विश्वस्तांचा बदल अर्ज सहायक धर्मादाय आयुक्तांकडे पडून असतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे असा बदल ९० दिवसांत कळवायचा असतो. तो वेळेत झाला नसेल तर ठरावावर सही करणाऱ्याचा अधिकार कोणत्या कागदावरून मानायचा, हा प्रश्न उभा राहतो. म्हणून गाडी देणाऱ्याने आधी शेड्यूल वनचा ताजा उतारा मागावा. तो मिळायला वेळ लागत असेल तर तेवढे दिवस किल्ली आपल्याकडेच ठेवावी.

फॉर्म भरायला बसण्याआधी वाहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर स्वतःच्या गाडीची नोंद पाहावी. कर्ज फिटून आठ-दहा वर्षे झाली, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच, असे सर्रास असते. तो उतरवायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. बहुतेक बँकांच्या एनओसीवर मुदत छापलेली असते. कपाटात जपून ठेवलेली जुनी एनओसी चालत नाही आणि नवी काढावी लागते. बँकेचे विलीनीकरण झाले असेल तर नव्या बँकेच्या शाखेत जुने खाते शोधण्यात वेळ जातो. थकलेली चलाने भरावी लागतात. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली नसेल, तर नावबदल आणि बोजा उतरवणे ही कामे महाराष्ट्रात थांबवली जातात. नोंदीत मोबाइल नंबर जुना असेल तर ओटीपी भलतीकडे जातो, म्हणून तो आधी बदलून घ्यावा. यातले प्रत्येक काम स्वतंत्रपणे सोपे आहे. पण ती सगळी मालकाच्या सहीने आणि मालकाच्या ओटीपीने होतात, आणि मालक मुंबईला निघून गेल्यावर गावच्या संस्थेला त्यांतले एकही करता येत नाही. किल्ली आधी आणि कागद नंतर हा क्रम फसतो तो याचमुळे.

कोऱ्या फॉर्म २९-३० वर सह्या करून ते एजंटाकडे किंवा अध्यक्षांकडे देऊन ठेवण्याची पद्धत तर ताबडतोब थांबायला हवी. घेणाऱ्याचे नाव रिकामे असलेला सही केलेला फॉर्म म्हणजे गाडी कोणाच्याही नावावर चढवण्याची परवानगी. त्याहून वाईट म्हणजे तो फॉर्म कधीच न वापरता गाडी चार हात फिरते आणि नाव तुमचेच राहते. फॉर्ममध्ये संस्थेचे पूर्ण नाव, पी.टी.आर. नंबर (धर्मादाय कार्यालयातला ट्रस्टचा नोंदणी क्रमांक) आणि पत्ता भरल्याशिवाय सही करू नये, आणि सही केलेल्या पूर्ण संचाची झेरॉक्स स्वतःजवळ ठेवावी.

नंबर मुंबईचा आणि संस्था एमएच ०७ किंवा एमएच ०८ च्या हद्दीतली असेल, तर अर्ज कोणत्या कार्यालयात करायचा आणि मूळ कार्यालयाची एनओसी लागेल का, हे ओरोसच्या किंवा रत्नागिरीच्या कार्यालयातून आधी विचारून घ्यावे. व्यक्तीच्या नावावरून संस्थेच्या नावावर जाताना कराचा फरक बसतो का, तेही त्याच फेरीत काढावे आणि तो कोण भरणार हे ठरवावे. गोव्याच्या नंबराची गाडी हा वेगळाच विषय. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याकडे अशा गाड्या पुष्कळ आहेत. परराज्यातल्या गाडीला फॉर्म २८ ची एनओसी लागतेच, देणाऱ्याला कळवायची मुदत ४५ दिवसांची असते, आणि १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे राहणार म्हणजे महाराष्ट्राचा नंबर आणि महाराष्ट्राचा कर हे दोन्ही आले. गाडी जुनी असेल तर हा सगळा खर्च तिच्या किमतीच्या मानाने जड जातो.

वडिलांच्या माघारी त्यांची गाडी गावाला द्यावी, ही भावना फार जणांची असते. पण मृताच्या नावावरून गाडी थेट संस्थेकडे देता येईल असे धरून चालू नये. मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांच्या आत वारसाने फॉर्म ३१ ने आपल्या नावासाठी अर्ज करायचा, असा नियम आहे. सोबत मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती. गाडी आधी वारसाच्या नावावर येते, मग संस्थेच्या. एक बहीण परदेशात आणि एक भाऊ पुण्याला असेल तर संमतिपत्रे जमवायलाच काही महिने जातात. तोवर गाडी गावच्या मांगराच्या कडेला उभी करून ठेवणे म्हणजे तिचे नुकसानच.

विम्यात होणारे गैरसमज तर मोठे आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ मुळे थर्ड पार्टीचे, म्हणजे अपघातात सापडलेल्या तिऱ्हाइताचे, संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप गेल्याचे मानले जाते, पण घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करायचा असतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण तसे आपोआप जात नाही. पॉलिसी देणाऱ्याच्या नावावर आणि आरसी संस्थेच्या नावावर, अशा अवस्थेत झाड पडले किंवा पुराचे पाणी गाडीत शिरले, तर दावा फेटाळला जाण्याची भीती खरी आहे. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, माणसाचा असतो. देणाऱ्याने नावबदलाच्या वेळी विमा कंपनीकडून त्याचे पत्र घेतले, तर तीन वर्षांच्या आत आपल्या दुसऱ्या गाडीला ती सूट मिळते. ही सूट ५० टक्क्यांपर्यंत असू शकते, आणि ती घ्यायचे पुष्कळांच्या ध्यानातच राहत नाही.

संस्था पैसे वाचवायला पुढच्या वर्षी फक्त थर्ड पार्टी विमा घेते. १ जून २०२२ पासूनचे दर १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यावरील गाडीला ७,८९७ रुपये असे ठरले. त्यावर १८ टक्के जीएसटी. स्वस्त वाटते. पण अशा पॉलिसीत रस्त्यावरच्या माणसाचे संरक्षण असते. गाडीत फुकट बसलेल्यांचे साधारणपणे नसते. म्हणजे ज्या आजारी माणसासाठी आणि त्याच्या नातेवाइकांसाठी गाडी ठेवली, तेच उघडे पडतात. पॅकेज पॉलिसी (थर्ड पार्टीसह गाडीचे नुकसानही धरणारी) घ्यावी आणि पगारी ड्रायव्हर असेल तर त्याची कायदेशीर जबाबदारी थोडा जास्त हप्ता भरून जोडून घ्यावी. आणि डिझेलपाणी म्हणून रुग्णाच्या घरच्यांकडून ठरावीक रक्कम घेण्याची पद्धत बंद ठेवावी. खासगी नोंदणीच्या गाडीने पैसे घेऊन माणसे नेली की विम्याच्या अटीचा भंग होतो. कंपनी जखमींना भरपाई देऊन ती मालकाकडून, म्हणजे संस्थेकडून, वसूल करू शकते.

'ॲम्ब्युलन्स म्हणून वापरा' असे सांगून व्हॅन किंवा मोठी गाडी देणारे तर खूपच. लाल अक्षरे रंगवली आणि वर दिवा बसवला म्हणून रुग्णवाहिका होत नाही. रुग्णवाहिकेसाठी एआयएस-१२५ हे मानक आहे. त्यात रुग्णापर्यंत आधी पोचून प्राथमिक उपचार देणाऱ्या गाडीपासून प्रगत जीवरक्षक गाडीपर्यंत चार प्रकार आहेत. स्ट्रेचर, प्राणवायूचे सिलिंडर, आतली जागा, विजेची जोडणी, सगळ्याची मापे ठरलेली आहेत. सीट काढून स्ट्रेचर बसवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत बदल आहे, परवानगीशिवाय केला तर आरसी आणि गाडी जुळत नाहीत. रुग्णवाहिका म्हणून नोंदली की ती परिवहन वाहनात मोडते. परमिट लागत नाही, पण फिटनेस लागतो, आणि गाडी आठ वर्षांची झाली की तो दर वर्षी. गावाला रुग्णवाहिका द्यायचीच असेल तर कारखान्यातून तशीच बांधून आलेली घेण्यासाठी पैसे गोळा करावेत. तोवर १०८ ची गाडी आपल्या गावाच्या जवळ कुठे उभी असते आणि तिला यायला किती वेळ लागतो, ही माहिती वाडीवाडीत लावून ठेवली तर जुन्या गाडीपेक्षा जास्त उपयोग होईल.

शाळेसाठीही तेच. मुलांना घरून आणण्यासाठी दिलेली खासगी गाडी शाळेने वापरायची नसते. महाराष्ट्रात २०११ चे स्कूल बस नियम आहेत. परमिट, रंग, वेगनियंत्रक, परिचर, आग विझवण्याचे नळकांडे, प्रथमोपचार पेटी या सगळ्या अटी त्यात येतात.

ग्रामपंचायतीला गाडी देणाऱ्यांनी तर नोंदणीची तारीख पाहावी. जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५२अ हा नियम आला आणि तो १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. सरकार, नगरपालिका, पंचायत यांच्या मालकीच्या वाहनांची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि तिचे नूतनीकरण होत नाही. तेरा वर्षांची चांगली गाडी खासगी माणसाकडे आणखी चालली असती, ती पंचायतीच्या नावावर गेल्यावर दोन वर्षांत भंगारात काढावी लागते. देवस्थानासारख्या बिगरसरकारी ट्रस्टला ही अट नाही, पण १५ वर्षांनंतर फॉर्म २५ ने दर पाच वर्षांनी नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर आहेच. मोटारीची नूतनीकरण फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली.

नोंदणी नसलेल्या मंडळाच्या नावावर गाडी चढत नाही. मग ती अध्यक्षांच्या किंवा खजिनदारांच्या वैयक्तिक नावावर घेतली जाते. पुढे मंडळात दोन तट पडले की गाडी कोणाची हा वाद होतो. ते गृहस्थ वारले तर कायद्याने ती त्यांच्या वारसांची. नोंदणीकृत संस्थेनेही असे केले तर संस्थेच्या पैशातून खासगी माणसाच्या गाडीचा विमा आणि टायर असा खर्च पुस्तकात दिसतो, आणि लेखापरीक्षक त्यावर बोट ठेवतो. ते योग्यच आहे.

आता प्रत्यक्ष गाडीबद्दल. मुंबईत पाच मजली इमारतीच्या आवारात उभी राहिलेली गाडी आणि किनाऱ्यावरच्या गावात चार पावसाळे काढलेली गाडी यांच्यात वर्षांच्या हिशेबाने तुलना होत नाही. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चासी नसते, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार घेतो. खारा वारा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस त्या सांगाड्याला आतून खातो. पुळणीवर फिरवलेल्या गाडीच्या तळाला तर खारी वाळू चिकटून बसते. दरवाजाखालचा उंबरा, चाकांवरच्या कमानी, जॅक लावायच्या जागा, मागच्या ॲक्सलजवळून जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलची टाकी बांधणारे पट्टे आणि पुढचा क्रॉस मेंबर, या जागा रॅम्पवर चढवूनच बघाव्यात. पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहिले तर सडलेला पत्रा बद्द आवाज देतो. रंग छान दिसणाऱ्या जागी लोहचुंबक फिरवावे. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली असण्याची शक्यता धरावी. उंबरा सडला असेल तर गाडी स्वीकारू नये. वेल्डिंग करून एक-दोन पावसाळे निघतील, पण धडक बसली तर तो भाग माणसाला वाचवणार नाही.

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणला आणि त्याच दिवसांत महाडला असंख्य गाड्या बुडाल्या. त्यांतल्या काही धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर आल्या आणि आजही हात बदलत आहेत. ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, आत गाळाची रेष राहिलेली असते. सीटच्या रुळांवरचा गंज, गालिच्याखालचा कुबट वास, स्टेपनीच्या खळग्यातला चिखल, दिव्यांच्या काचेत आतून धरलेले पाणी आणि डॅशबोर्डखालच्या जोडण्यांवरची हिरवट बुरशी, यांतले दोन सापडले तरी गाडी नाकारावी. अशा गाडीत एअरबॅगच्या कंट्रोलरवर भरवसा ठेवता येत नाही, आणि विजेचा बिघाड कधी कुठे होईल हे मेकॅनिकलाही सांगता येत नाही.

संस्थेची गाडी रोज चालत नाही, आणि उभ्या गाडीचे हाल चालत्या गाडीपेक्षा जास्त. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून महिनाभर ठेवली की मागच्या ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. म्हणून पहिला गिअर टाकावा, चाकांखाली दगड लावावेत आणि हँडब्रेक सोडून ठेवावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवली नाही तर पाच-सहा आठवड्यांत ती बसते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओलावा ओढते, टाकीत पाणी तळाला बसते आणि गंज सुरू होतो. आंब्या-फणसाची पाने काचेखालच्या पाणी जाण्याच्या भोकांत अडकली की पाणी आत, थेट वायरिंगवर उतरते. उंदीर वायरी कुरतडतात, सेन्सरच्या वायरी आधी. टायरची नक्षी शाबूत दिसते, पण कडेला चार आकडे असतात ते वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. रबर बाजूने चिरले असेल तर नक्षी कितीही असो, चारही टायर बदलायचे धरावे. आठवड्यातून एकदा तरी वीसेक मिनिटे गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर चालवायला माणूस नेमलेला नसेल, आणि विमा, पीयूसी, सर्व्हिसिंग, टायर यांची वर्षाची रक्कम अंदाजपत्रकात मांडलेली नसेल, तर विश्वस्तांनी हात जोडून नको म्हणावे. नको म्हणण्यात देणाऱ्याचा अपमान नाही, आणि असा ठराव इतिवृत्तात नोंदवायला अजिबात संकोच करू नये.

चालतच नाही अशी गाडी कोणालाही दान देऊ नये. ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यावी. तिथून ठेव प्रमाणपत्र मिळते, आणि त्यावर नवी खासगी गाडी घेताना रस्ता करात सवलत मिळू शकते. केंद्राच्या नियमात तिची मर्यादा २५ टक्क्यांपर्यंत आहे. पुढे गाडी मोडल्याचे प्रमाणपत्र मिळते आणि नोंदणी रद्द होते. नाक्यावरच्या भंगारवाल्याला वजनावर दिली तर पैसे हातात येतात, पण नोंदणी जिवंत राहते आणि तुमचा चासी नंबर दुसऱ्या गाडीवर चढण्याचा धोका उरतो. स्क्रॅपचे आलेले पैसे संस्थेला द्यावेत, ते दान तितकेच खरे.

करसवलतीचा भ्रमही दूर व्हायला हवा. प्राप्तिकरातील देणगीची वजावट (१९६१ च्या कायद्यातले कलम ८०जी) फक्त रकमेच्या दानाला आहे. वस्तूरूपाने दिलेल्या दानाला, म्हणजे गाडीलाही, ती मिळत नाही. संस्थेकडे ८०जी ची मान्यता असली तरी नाही. 'दीड लाख किमतीची मोटार मिळाली' अशी पावती घेऊन विवरणपत्रात आकडा टाकणारे अडचणीत येतात. नव्या करपद्धतीत तर रोख रकमेच्या किंवा चेकच्या देणगीलाही ही वजावट नाही. अमेरिकेत गाडी दान केल्यावर कर वाचतो असे तिकडे असलेल्या मुलांकडून ऐकलेले असते. तिथला कायदा वेगळा, आणि तिथेही २००५ पासून ५०० डॉलरवरच्या गाडीला साधारणपणे संस्थेने ती विकून जेवढे आले तेवढ्याचीच वजावट मिळते. आपल्याकडच्या पावतीवर गाडीचे वर्णन, नंबर, चासी नंबर, मीटरचे रीडिंग आणि तारीख असावी; किमतीचा आकडा नसावा.

हे सगळे पाहता आमचे मत असे की बहुतेकांनी गाडी विकून रक्कम द्यावी. विकताना अधिकृत परवाना असलेला जुन्या गाड्यांचा विक्रेता शोधावा. एप्रिल २०२३ पासून अशा विक्रेत्याच्या ताब्यात गाडी दिल्याचे फॉर्म २९सी ने पोर्टलवर कळवले जाते, आणि तिथून पुढे ती दुसऱ्याच्या नावावर चढेपर्यंत मालक म्हणून जबाबदारी विक्रेत्याची धरली जाते. घरगुती दानात हे संरक्षण नाही. आलेली रक्कम चेकने किंवा ऑनलाइन संस्थेच्या खात्यात भरावी. २,००० रुपयांवरची रोख देणगी ८०जी ला चालत नाही. सोबत एक पत्र द्यावे की ही रक्कम रुग्णांच्या प्रवासासाठी, ग्रंथांसाठी किंवा जे काही मनात असेल त्यासाठी आहे. त्या पैशांत गावातल्याच पिवळ्या नंबरप्लेटच्या रिक्षा-टॅक्सीवाल्याशी रात्रीच्या फेऱ्यांचा दर ठरवता येतो. परमिट, विमा आणि चालक त्याचा, आणि गावातला पैसा गावात. संस्थेकडून आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३१ मे पर्यंत देणगीचे प्रमाणपत्र (१९६१ च्या कायद्याप्रमाणे फॉर्म १०बीई) मागून घ्यावे.

कोणी फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर 'तुमची जुनी गाडी गरजूंना द्या, आम्ही घरून नेऊ' असे म्हणाले, तर संस्थेचा पी.टी.आर. नंबर, पॅन आणि फॉर्म ३० वर कोणाचे नाव येणार, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्याचे उत्तर संस्थेचे नाव नसेल तर बोलणे तिथेच थांबवावे.

तरीही गाडीच द्यायची असेल, तर दानपत्रात 'संस्था ही गाडी गरजेप्रमाणे विकू शकेल' हे वाक्य जरूर घालावे. 'विकू नये' अशी अट घातलेल्या गाड्या देवळामागे सडताना दिसतात, कारण विश्वस्तांना ती अट मोडवत नाही.

ज्यांनी काही वर्षांपूर्वी अशी गाडी देऊन टाकली आहे त्यांनी आजच पोर्टलवर तिचा नंबर टाकून नाव तपासावे. नाव आपलेच असेल तर विमा चालू आहे का ते पाहावे, आणि नसेल तर संस्थेला लगेच कळवून विमा काढेपर्यंत गाडी रस्त्यावर आणू देऊ नये. फास्टॅग बंद करावा. भरलेला फॉर्म २९, दानपत्राची किंवा पावतीची प्रत आणि ताबा दिल्याची तारीख, हे आरटीओला आणि संस्थेला स्पीड पोस्टाने पाठवावे. एवढ्याने भरपाईची जबाबदारी पूर्ण सुटत नाही, ती नाव बदलल्यावरच सुटते. पण गुन्ह्याच्या चौकशीत आणि चलानाच्या तक्रारीत हा कागद उपयोगी पडतो. संस्थेने पंधरा दिवसांत फॉर्म ३० भरला नाही, तर गाडी परत मागावी आणि ती मिळाल्याचीही तारीख घालून सही घ्यावी.

आपले,
वाहन नोंदणी, विमा व विश्वस्त संस्थांच्या हिशेबाची कामे करणारे काही वाचक,
रत्नागिरी-सिंधुदुर्ग